लिलांग (आजी) आहे तोवर तिच्याकडून शिकून घे

प्रिय बाळा,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला, रात्री परत एकदा वाचला, आणि मोबाईलवर दोन ओळीत उत्तर देऊन भागेल असं वाटलं नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय. तू म्हणतेस की मनिलात कॉलेजला कोणी विचारलं तू कुठची, तर तू 'हाफ इंडियन' एवढंच सांगतेस आणि विषय बदलतेस, आईचं गाव सांगतच नाहीस, कारण इलोकानो, म्हणजे फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या इलोकोसचे लोक आणि त्यांची भाषा, असं म्हटलं की लगेच कोणीतरी 'कुरिपोत' म्हणतं, म्हणजे चिंगूस, मग कोणीतरी त्या जाडसर उच्चारांची नक्कल करतं आणि सगळे हसतात. आणि शेवटी तू लिहिलंयस, "आत्या, मला तसंही इलोकानो येत नाही, मग मी इलोकानो कशी?"

या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र आहे खरं तर.

तुझ्या आईला मी तुझ्या बाबांच्या आधीपासून ओळखते हे तुला माहितीच आहे. मस्कतला आम्ही एकाच वॉर्डात होतो, नाईट ड्युटीला तिच्या डब्यातलं खाल्लंय, तिच्या आईचे फोन ऐकलेत, आणि पुढे ती आपल्या घरात वहिनी म्हणून आली तेव्हा तिच्या माहेरी बाकाराला जाऊनही राहिलेय. त्यामुळे हे मी कुठून तरी वाचून नाही सांगत, थोडं वाचलंय पण बरंचसं बघितलेलं आहे.

आधी त्या 'चिंगूस' शब्दाचं बघू. तू बसमधून बाकाराजवळच्या लाओआगला जाशील तेव्हा खिडकीतून बघ, एका बाजूला कोर्डिलेराचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, त्यावर सगळं इलोकोस. पाऊस काही महिनेच, तो पण वादळं घेऊन येणारा, आणि नंतरचे कितीतरी महिने कोरडे ठणठणीत. अशा ठिकाणी ज्यांनी पिढ्यानपिढ्या पोरं मोठी केली ते लोक वस्तू जपून वापरणार, धान्य मोजून काढणार, उद्याचा विचार करणार. याला काटकसर म्हणतात बाळा, आणि बागलाणातल्या तुझ्या आजीलाही हेच सगळे गुण आहेत, तिला कोणी चिंगूस म्हटलं असतं तर तू भांडली असतीस. आणि चिंगूस माणूस दुसऱ्याला देत नाही. तुझ्या आईनं पगारातून चार भावंडांची शिक्षणं केली, घराचं छत घातलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता मी तुला अशी एक गोष्ट सांगते जी तुझ्या कॉलेजातल्या हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहिती नसेल. बाकारा आणि विंतारच्या बाजूला शेताला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांच्या जुन्या संस्था आहेत, त्यांना सांहेरा म्हणतात. नदीवर बांबू, दगड, फांद्या, वाळू असं घालून बांध घालायचा, पूर आला की तो वाहून जाणार हे धरूनच चालायचं आणि गेला की सगळ्यांनी मिळून परत बांधायचा, एका पावसाळ्यात कितीदा का होईना. प्रत्येक सभासदाचा एक वाटा असतो, त्याला आतार म्हणतात, आणि त्या वाट्याप्रमाणे माणूसबळ, बांबू वगैरे द्यायचं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जमिनीची वाटणी. पाटाच्या तोंडाशी एक तुकडा, मधे एक, शेवटाला एक अशी प्रत्येकाची जमीन, म्हणजे पाणी कमी पडलं की शेवटचा पट्टा सगळ्यांनीच कोरडा सोडायचा, एकट्या कोणाचं मरण नाही. आणि काही ठिकाणी पाणी सांभाळणाऱ्या पदाधिकाऱ्यांना मोबदला म्हणून दिलेली जमीन मुद्दाम पाटाच्या अगदी शेवटाला, म्हणजे तिथपर्यंत पाणी पोचवणं त्यांच्याच गरजेचं! एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, सामाईक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात या अभ्यासासाठी, आणि त्यांनी ज्या उदाहरणांवर हे मांडलं त्यात या सांहेरा आहेत. तुझ्या आईच्या तालुक्यातले शेतकरी.

आणि गंमत बघ, तुझ्या बाबांच्या बाजूला मोसम खोऱ्यात, पांझरेच्या काठाला आपली फड पद्धत होती, तिचाही असाच अभ्यास झालाय. नदीवर बंधारा, शेताचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. बाकाराला तुझ्या लिलोंगच्या, म्हणजे आजोबांच्या, मागे मागे पाटाच्या कडेनं चालताना मी त्यांना हे मोडक्या इंग्लिशमध्ये सांगत होते आणि ते मान हलवत होते, कारण त्यांना त्यात नवीन काहीच नव्हतं. तू दोन्हीकडून पाणी वाटून घेणाऱ्यांची पोर आहेस. 'हाफ' कशाला म्हणतेस स्वतःला.

इतिहास तुला कॉलेजात शिकवतीलच, मी पटकन सांगते. 1763 मध्ये स्पॅनिशांविरुद्ध उठलेल्या दिएगो सिलांगचा खून झाल्यावर त्याची बायको गाब्रिएला हिनं लढा पुढे चालवला आणि स्पॅनिशांनी तिला त्याच वर्षी फाशी दिलं. 1807 मध्ये पिद्दिगच्या लोकांनी उठाव केला, कारण सरकारनं बासी, म्हणजे त्यांची घरची उसाची दारू, त्यावर मक्तेदारी लादली होती. त्या उठावाची 14 चित्रं एस्तेबान विलानुएवानं 1821 मध्ये काढली, विगानला म्युझियममध्ये आहेत, जाऊन बघ, एकेका चित्रापुढे उभी राहा.

भाषेचं मात्र पटकन सांगून होणार नाही. इलोकानो ही फिलिपिन्समध्ये मातृभाषा म्हणून तिसऱ्या नंबरला बोलली जाणारी भाषा आहे, कुठल्या कोपऱ्यातली बोली नाही. तिच्यात 1621 साली छापलेलं पुस्तक आहे. लाम-आंगचं महाकाव्य आहे, ज्यात पोरगं जन्मल्या जन्मल्या बोलायला लागतं, स्वतःचं नाव स्वतः ठेवतं आणि बाप कुठेय विचारतं, आणि परंपरेनं ते पेद्रो बुकानेग या आंधळ्या कवीच्या नावावर सांगतात. विगानच्या लिओना फ्लोरेंतिनोनं, जी 1884 मध्ये अवघ्या पस्तिशीत गेली, इलोकानोत कविता लिहिल्या आणि त्या 1889 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडल्या होत्या. 'बान्नावाग' नावाचं साप्ताहिक 1934 मध्ये सुरू झालं, तुझ्या लिलांगच्या कपाटावर जुन्या अंकांचा गठ्ठा मी बघितलाय, कथा, कविता, चित्रकथा सगळं त्यात. 2012 मध्ये ला उनियोन प्रांतानं इलोकानोला अधिकृत भाषा केलं. हवाईला 1906 मध्ये ऊसमळ्यांवर पहिले 15 जण गेले, त्यांच्यामागे हजारो गेले, आणि आज हवाई विद्यापीठात मानोआला इलोकानो घेऊन पदवी करता येते.

हे सगळं असताना पोरांपर्यंत ती का पोचत नाही? मला वाटतं याचं उत्तर तुझ्या घरातच आहे. तू लहान असताना एका शाळेत तुझ्या आईला सांगितलं गेलं की घरात एवढ्या भाषा नका बोलू, मूल गोंधळेल, इंग्लिश बोला. बाबा हट्टी म्हणून मराठी टिकली, आजी व्हॉट्सअॅपवर बाराखडी गिरवून घ्यायची म्हणून तू हे पत्र वाचू शकतेस. आई बिचारी मागे सरली. तिला वाटलं आपली भाषा सोडली तर पोरीचं भलं होईल. फिलिपिन्समध्येही तेच चाललंय, शाळेतल्या पहिल्या काही वर्षांत मातृभाषेतून शिकवायचं धोरण आणलं होतं, 2024 मध्ये कायद्यानं ते सक्तीचं राहिलं नाही. म्हणजे आता पुन्हा घरावर आलं. तुझ्या बाबतीत तर तुझ्यावरच.

म्हणून 'मला येत नाही मग मी इलोकानो कशी' हा प्रश्न उलटा करून बघ. येत नाही ते शिकता येतं. तू वीसच्या आत आहेस, टॅगालोग तुला येतं, मराठी येतं, कान तयार आहे. आणि शिकवायला घरचं माणूस आहे, हे कितीजणांना मिळतं गं.

शिकायचं कसं तर स्वयंपाकघरातून. लिलांगच्या शेजारी उभी राहा आणि पिनाकबेत कर. वांगी, कारली, भेंडी, टोमॅटो, चवळीच्या शेंगा, सगळं कोवळं आणि छोटं, आणि बुग्गोओंग, म्हणजे मासळी मीठ घालून मुरवलेली. त्यात पळी घालून ढवळायचं नाही, भांडंच धरून हलवायचं, नाहीतर कारल्याचा कडूपणा सगळीकडे उतरतो असं तिथल्या बायका सांगतात. मनिलात त्यात लाल भोपळा घालतात, लिलांगसमोर ते बोलून बघ काय ऐकवते ते. दिनेंगदेंगमध्ये, म्हणजे भाज्यांच्या पातळ कालवणात, शेवग्याचा पाला जातो, हादग्याची फुलं जातात, तिकडे त्याला कातुदाय म्हणतात. पहिल्यांदा मी त्यांच्या अंगणात हादग्याचं झाड बघितलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. प्रत्येक भाजीचं नाव विचार, कापताना काय म्हणतात, उकळताना काय म्हणतात ते विचार, आणि तिनं टॅगालोगमध्ये सांगायला सुरुवात केली की थांबव, म्हण लिलांग, इलोकानोत सांग. पाहुणी आली म्हणून ती तुझ्यासाठी भाषा बदलणार, म्हातारी माणसं प्रेमानं तसं करतात, तू बदलू देऊ नकोस.

आणि जेवणाआधी ती एका ताटलीत भात, थोडं कालवण, कधी एखादी सिगारेट, ग्लासभर बासी असं काढून बाजूला ठेवते ना, ते आतांग, गेलेल्यांसाठी. तुला ते लहानपणी विचित्र वाटायचं, तू तसं बोललीही होतीस. आता शेजारी बसून विचार की कोणाकोणासाठी ठेवलं. ती एकेक नाव घेईल आणि प्रत्येक नावामागे गोष्ट येईल, कोण हवाईला गेला आणि परत आलाच नाही, कोणी कुठली जमीन विकली, कोणाशी कोणाचं बोलणं बंद होतं. घराण्याचा इतिहास असा त्या ताटलीपाशी बसून मिळतो, दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेला नाही. रानातून जाताना ती तिथल्या न दिसणाऱ्या जीवांची माफी मागत 'बारी-बारी आपो' पुटपुटते तेही ऐक.

लग्नाचं एक सांगते, कारण आपल्याकडे यावरून फार दुःख झालंय. इलोकानोंमध्ये साब-ओंग म्हणजे मुलाच्या घरच्यांनी नवीन जोडप्याला, मुलीला द्यायची मालमत्ता, बहुतेक वेळा जमीन. मुलाकडच्यांनी द्यायची! तुझ्या बाबांच्या लग्नात हा विषय निघाला तेव्हा आपल्याकडचे काही मोठे लोक गप्पच झाले. अर्थात त्यातही ताणतणाव असतात, जमीन कमी पडत चाललीय, सगळं आदर्श आहे असं नाही. पण हुंड्यापायी मुलींचं काय होतं ते बघितलेल्या माझ्यासारखीला ही रीत ऐकून आनंद झाला.

तू आणखी एक विचारलं होतंस, जरा घाबरत घाबरत, मार्कोसचं, म्हणजे 1972 मध्ये मार्शल लॉ लावणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचं. तो तुझ्या आईच्याच प्रांतातला, इलोकोस नोर्तेचा, गावात अजून त्याचे फोटो भिंतीवर आहेत, आणि तुझ्या मैत्रिणींच्या घरी मार्शल लॉच्या काळातल्या वाईट आठवणी आहेत. मी स्पष्ट सांगते, इलोकानो असल्याचा अभिमान म्हणजे त्या राजवटीची वकिली नाही. 1972 नंतर जे तुरुंगवास, छळ झाले ते झाले, त्यावर तुझ्या मैत्रिणींचं ऐकून घे, वाद घालू नकोस. एस. पी. लोपेझ हेही इलोकोस नोर्तेचेच, कुर्रिमाओचे, ते युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सचे प्रेसिडेंट होते आणि 1971 मध्ये कॅम्पसमध्ये पोलीस घुसले तेव्हा विद्यार्थ्यांच्या बाजूनं उभे राहिले. कुठल्याही समाजात दोन्ही माणसं असतात, आपण कोणाच्या मागे उभं राहायचं ते आपण ठरवायचं. लिलोंगशी यावर मतभेद झाले तर होऊ देत, आवाज चढवू नको, जेवायला एकत्र बस म्हणजे झालं.

एक विनंती, अभिमान म्हणजे नुसतं फेस्टिवलला आबेलचा, म्हणजे इलोकानो हातमागाच्या कापडाचा, ड्रेस घालून फोटो टाकणं असं नको करूस. ड्रेस घाल, जरूर घाल, पण ते कापड मागावर कसं होतं ते एकदा बसून बघ. पिनिलीच्या माग्दालेना गामायो यांना 2012 मध्ये देशानं या विणकामासाठी राष्ट्रीय सन्मान दिला, कुसिकोस म्हणजे वावटळीच्या नक्षीतला एकेक धागा मोजून विणावा लागतो, ते बघितल्यावर कापड अंगावर वेगळं लागतं.

आता काय करायचं ते सांगते. ऑक्टोबरच्या शेवटी सुट्टी आहे ना, 1 नोव्हेंबरला सगळे कबरीवर जातात, तेव्हा रात्रीची बस धर आणि बाकाराला जा. हॉटेल नाही, लिलांगच्याच घरी राहा, तिच्याच खोलीत झोप. मोबाईलवर तिचा आवाज रेकॉर्ड कर, परवानगी घेऊन, नावं आणि नाती लिहून काढ, कोण मानोंग (मोठा भाऊ), कोण मानांग (मोठी बहीण), कोणाला काय म्हणायचं ते चुकलं तर ती हसेल आणि सुधारेल. आईला रोज फोन करतेस त्यातला थोडा वेळ इलोकानोत बोलायचं ठरव, ती आधी संकोचेल, तिला वाटेल तू थट्टा करतेयस, तिला सांग की आत्यानं सांगितलंय. आणि कॉलेजात पुढच्या वेळी कोणी कुरिपोत म्हणालं तर त्या सांहेराचं सांग, जमीन कशी वाटतात ते सांग, आणि बाकाराचं नाव घे.

बस सुटली की मला मेसेज कर. लिलांगसाठी मी आपल्याकडच्या शेवयांचं पाकीट पाठवतेय, तुझ्या रूमवर येईल, ते विसरू नकोस, गेल्या वेळी तिनं दुधात शिजवून सगळ्या शेजाऱ्यांना खाऊ घातल्या होत्या.

तुझीच,
आत्या