आधी कुंपण विचार, मग बोल

‘ताई, मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. व्हेंटिलेटर कमी पडले त्या रात्री वरिष्ठांनी सांगितलं म्हणून एकाचा काढून दुसऱ्याला लावला. पहिला गेला. नातेवाइकांना ‘सगळे प्रयत्न केले’ असं सांगितलं. तीन वर्षं झोप नाही. समुपदेशकाकडे जावंसं वाटतं, पण तिने बाहेर सांगितलं तर?’

तुझ्या पत्रात त्या रात्रीबद्दल चार ओळी आहेत, बाकी सगळी भीती. साहजिक आहे. तू लिहितेस त्यावरून ही नैतिक जखम वाटते, म्हणजे आपल्याच मनाला न पटणारं काही हातून घडल्याची जखम. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांनी १९९०च्या दशकात ‘मॉरल इंज्युरी’ हा शब्द रुळवला. यात अपराधभाव आणि लाज छळतात, आणि लाजेला अंधारच आवडतो.

आता गोपनीयतेचं. समुपदेशकाला तोंड उघडावं लागतं ते बहुधा पुढे होऊ शकणाऱ्या इजेसाठी. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने टारासॉफ खटल्यात तेच म्हटलं: रुग्णापासून कुणाला गंभीर धोका असेल, तर त्या व्यक्तीला वाचवण्यासाठी उपचारकाने पावलं उचलली पाहिजेत. घडून गेलेल्या गोष्टीची कबुली ही वेगळी बाब. पण न्यायालय नोंदी मागवू शकतं, आणि नियम जागोजागी बदलतात.

म्हणून पहिल्या भेटीत व्हेंटिलेटरचा ‘व’सुद्धा काढू नकोस. फक्त गुप्ततेचं कुंपण कुठवर आहे ते विचार: तुम्ही गुप्तता कधी मोडता? काय लिहून ठेवता, ते कोण वाचतं? तुमची फी कोण देतं? रुग्णालयानेच नेमलेली असेल तर मी तरी दुसरी शोधेन. तिचा अहवाल कुणाच्या टेबलावर जातो हे तुला कळायला मार्ग नाही. या प्रश्नांनी जी चिडेल, तिच्याकडे पुन्हा जायचं कारण नाही.

पोलिसांची धास्ती खरीच वाटत असेल तर आधी वकिलाला भेट.

आणि उपचाराला नावं, तारखा, खाट क्रमांक लागत नाहीत. त्या क्षणी तुला काय वाटलं, एवढं लागतं. ऐकल्याऐकल्या ‘तुझी काहीच चूक नाही’ म्हणणारी मात्र नको. हे तर मैत्रिणीही म्हणाल्या असतील, झोप आली का?

एकच गोष्ट दडवू नकोस. जगणं नकोसं वाटत असेल, तर कुंपणबिंपण राहू दे, पहिल्याच वाक्यात सांग. आणि भेटीची तारीख लांब असेल तर आजच, जवळच्या कुणाला तरी.