पटावरची संख्या आणि पाळीतली संख्या

प्रिय बाय,

रुग्णालयात परिचारिका वाढवून मिळाव्यात म्हणून संपाची नोटीस द्यायची की नाही ते ठरवायला पुढच्या आठवड्यात तुमची बैठक आहे, असं तू कळवलंस. मागणी रास्तच आहे. पण वॉर्डातल्या पाळ्यांची महिनाभराची नोंद हातात नसेल तर नोटीस एक महिना पुढे ढकला.

आधी हिशेब नीट करा. मागणीपत्रात तुम्ही ‘सहा रुग्णांमागे एक परिचारिका’ एवढंच लिहिलंय. पाळीत हजर असलेली की पटावर नेमलेली? ३० खाटांच्या वॉर्डाला पटावर पाच जणी दिल्या तरी कागदावर सहामागे एक होतेच. त्या पाचांतून तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, रजा आणि कुणाचं तरी बाळंतपण काढलं की नाईटला एकटी उरते. बैठका नेमक्या याच जागी फसतात, कारण दोन्ही बाजू वेगवेगळा आकडा मनात धरून बोलत असतात. म्हणून मोजणी पाळीपासून सुरू करा. वर्षाच्या पाळ्या १,०९५. सुट्ट्या-रजा वजा जाता एक जण साधारण २६० दिवस भरते. म्हणजे चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला ४.२ माणसं लागतात, आणि पाळीत पाच हव्यात तर २१ पदं. ‘३० खाटांना प्रत्येक पाळीत पाच, त्यासाठी २१ पदे’ असं लिहिलं की पळवाट उरत नाही.

मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं माहितीच्या अधिकारात मागवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकाच विषयावरचा अर्ज, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. त्याच अर्जात प्रतिनियुक्तीवर कोण कुठे आहे तेही विचारा. पटावर असून औषध भांडारात किंवा कार्यालयात बसवलेल्या सिस्टर तिथेच सापडतात.

नोंदवहीला रकाने थोडेच ठेवा: तारीख, पाळी, पाळी सुरू होतानाचे रुग्ण, नवे दाखल, जमिनीवर गादी घातलेले, हजर परिचारिका, राहून गेलेलं काम. शेवटच्या रकान्यात ‘खूप ताण होता’ असं लिहू नका. ‘रात्री दहाचं अँटिबायोटिक ११.४० ला’, ‘खाट १४, दोनचा बीपी घेतला नाही’ असं लिहा. रुग्णाचं नाव नको, केसपेपरचा फोटो तर मुळीच नको. ओव्हर देताना, म्हणजे पाळी सोपवताना, घेणारीची आणि देणारीची, दोघींची सही. दर सोमवारी एक प्रत परिसेविकेमार्फत (वॉर्डाची इनचार्ज सिस्टर) अधिसेविकांकडे (मेट्रन), आवक क्रमांक घेऊन. आवक क्रमांक नसलेलं पत्र पुढे कुणालाच आठवत नाही.

हे रकाने का महत्त्वाचे, ते पावसाळ्यातली एक नाईट समोर धरून लोकांना सांग. लावणीच्या दिवसांत फुरसं चावलेला माणूस आला की कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विषाचा अंमल आहे. मग प्रतिविषाच्या १० कुप्या सलाईनमधून साधारण तासाभरात जातात. त्या वेळात अंगावर पित्त उठतंय का, धाप लागतेय का, बीपी पडतोय का हे पाहायला खाटेजवळ माणूस लागतं, अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून तयार ठेवून. त्याच वेळी प्रसूतिकक्षात कळा सुरू असतील तर दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजायचेत. एकटी सिस्टर कुठे उभी राहील? त्यातच कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला पेशंट हलवायचा म्हणून तिलाच गाडीत बसवलं, तर वॉर्ड घाट उतरून गाडी परत येईपर्यंत उघडा. गावकऱ्याला प्रमाणाचं गणित समजो न समजो, हे लगेच समजतं. त्याच्या घरातलं कुणीतरी त्या खाटेवर झोपलेलं असतं.

अधिकाऱ्यांपुढे मात्र अभ्यासही ठेव. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांवरचा संशोधक लिंडा आयकेन यांचा २००२ मधला अभ्यास सांगतो की परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियात तर २००४ पासून हे प्रमाण कायद्यानेच बांधलेलं आहे.

मागण्यांचे दोन कागद करा. प्रतिनियुक्त्या रद्द करणं, पाळीपत्रक पंधरा दिवस आधी लावणं, नाईटनंतरची सुट्टी न मोडणं, रुग्ण हलवायला वेगळी व्यक्ती देणं, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हातात आहे. पदनिर्मिती नाही. ती मंत्रालयात, वित्त विभागाच्या संमतीने होते; रत्नागिरी-सिंधुदुर्गचा प्रस्ताव कोल्हापूरच्या उपसंचालकांमार्फत जातो. सगळं एकाच कागदावर असलं की ‘वर पाठवलंय’ म्हणून इथे होण्यासारखंही लटकतं.

कायद्याबद्दल कुणालाही अंधारात ठेवू नकोस. शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटलेलं आहे. वर्तणूक नियम आडवे येतात, मेस्मा (अत्यावश्यक सेवांचा कायदा) लागू शकतो, काम नाही तर वेतन नाही, सेवाखंडाची टांगती तलवारही असते. हे बैठकीत मोठ्याने वाचा आणि मगच हात वर करायला सांगा. बंधपत्रित, परिवीक्षाधीन आणि एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी मुलींना पुढे उभं करू नका. त्यांची नोकरी एका कागदावर जाते. म्हणूनच पायऱ्यांनी चढा: निवेदन, काळी फीत, पाळी बदलताना फाटकावर सभा, मग एक दिवस. बेमुदत सगळ्यात शेवटी. आणि गणपतीचा आठवडा टाळा. चाकरमानी आलेले, महामार्गावर अपघात. त्या दिवसांत गाव तुमच्यावर उलटलं तर ते चूक म्हणता येणार नाही.

संपाच्या दिवशी अपघात विभाग, प्रसूतिकक्ष, अतिदक्षता, नवजात शिशू कक्ष, डायलिसिस आणि तातडीची शस्त्रक्रिया यांना माणसं ठेवायचीच. किती आणि कोण, ही यादी नावांसह तीन दिवस आधी अधिसेविकांना द्या आणि पोच घ्या. यादीतल्या जणी संपातच आहेत, फक्त त्यांची जागा वॉर्डात आहे, हे स्पष्ट लिहा, म्हणजे फूट पडत नाही. बाकीच्या वॉर्डांचा ओव्हर खाट-खाट फिरून, लेखी द्या. मॉर्फिन-फेंटानिल या कडक वेदनाशामकांच्या कुप्या दोघींनी मोजून किल्ली सहीने द्यायची. या एका सहीअभावी पुढे चोरीचा आळ येऊ शकतो. तुमच्या जागी विद्यार्थिनींना एकटं उभं केलं जातंय असं दिसलं तर लगेच लेखी हरकत घ्या. समितीतल्या एकीचा फोन चोवीस तास चालू हवा. वॉर्डातून हाक आली की तुमच्यातल्या दोघींनी जायचं, विचारत बसायचं नाही.

तोंडी आश्वासनावर उठू नका. इतिवृत्त हवं: काय, कोण, कुठल्या तारखेपर्यंत. ‘लवकरात लवकर’ खोडून तारीख घालून घ्या. संपकाळातल्या दिवसांचं काय होणार तेही त्याच कागदावर येऊ दे. परत रुजू होताना क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली), ऑक्सिजन आणि किल्लीचा डबा मोजून घे, आणि नोंदवहीत त्याच पाळीपासून पुन्हा रकाने आख.

तुझी,
ताई