लेक जेवत नाही, आधी ते बघा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीने 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. आता तिसऱ्यांदा लातूरला क्लाससाठी ठेवायची म्हणून तुम्ही पतसंस्थेचं कर्ज काढायला निघाला आहात. तिला मात्र पोषणशास्त्र शिकून गरीब वस्त्यांमध्ये काम करायचं आहे. तुम्ही विचारता, "गरीब बायकांना स्वयंपाक शिकवायला पदवी कशाला? अंगणवाडीतच जायचं होतं तर एवढा खर्च का केला? तिला समजवा."

तिला मी समजावणार नाही. सहीच्या आधी तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की निकालापासून ती ताटावर येत नाही, रात्री दोन-दोनपर्यंत जागी असते, "नाटकं करते". अहो, दोन महिने न जेवणारी, न झोपणारी एकोणीस वर्षांची मुलगी नाटक करत नसते. कर्जाचा हप्ता तुम्ही रुपयापर्यंत लिहिलात, तिचं वजन किती उतरलं ते लिहिलं नाही. या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या. त्याआधी बोलायला कुणी हवं असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक आहे, तो तिच्या हाती द्या. आणि लातूरचा विषय तिच्यासमोर काढू नका, निदान ती पोटभर जेवू लागेपर्यंत.

आता तुमचा प्रश्न. गरिबाला कळत नाही म्हणून त्याचं मूल कुपोषित राहतं, असं तुम्ही धरून चालला आहात. पुष्कळ शिकलेली माणसंही तसंच मानतात. ऊसतोड मजुरांच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जाऊन बघा. आई पहाटे अंधारात फडावर जाते. आठ महिन्यांचं मूल आठ वर्षांच्या बहिणीपाशी, आणि तिच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. आपण म्हणतो, अडाणी आहे, बाळाला बिस्किटं देते. पण पहाटेची खिचडी दुपारपर्यंत उकाड्यात राहिली तर बाळाला जुलाब होतील, बिस्किट मात्र नासत नाही, हे त्या आईला माहीत आहे. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये ही पुस्तकातली ओळ खरी, पण कोपीत ना फ्रिज, ना दुपारी चूल पेटवायला मोठं माणूस. मग न नासणारं, बाळाला गिळता येणारं आणि बिस्किटापेक्षा सकस काय देता येईल? बुरशी न लागलेल्या भाजक्या दाण्यांचं बारीक कूट आणि गूळ, की भाजणीचं पीठ? ते कालवायला उकळलेलं पाणी कुठून येणार? सहा महिन्यांनंतर वरणाचं नुसतं पाणी पाजलं तर इवलंसं पोट पाण्यानेच भरतं, घट्ट वरणभात कुस्करून वर तेलाचा थेंब हवा, हे आजीला न दुखावता कसं सांगायचं? याला पदवीही लागते आणि पदवीपेक्षा जास्त काहीतरी लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे पस्तीस वयाच्या मानाने खुजी निघाली. काम संपलेलं नाही.

अंगणवाडी हा शब्दही तुम्ही हिणवून लिहिलात. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पोरांच्या अंगणात शाळा नेली, त्यातून तो आला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तोच देशभर गेला.

वाट सांगायची तर एसएनडीटी महिला विद्यापीठाचं गृहविज्ञान किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान, मग एम.एस्सी.; नंतर रुग्णालय, बालविकास प्रकल्पातली भरती किंवा संस्था. संस्थांमध्ये सुरुवातीला पगार कमी आणि करार वर्षावर्षाचा, हे लपवणार नाही. पण कर्ज काढून तिसऱ्यांदा नीट देण्याला मी साफ नाही म्हणते.

आता दोन शब्द लेकीसाठी, हा भाग तिला वाचायला द्या.

बाळ, बाबांनी तुझं एक वाक्य लिहिलंय, "मला गरीब आयांमध्ये जनजागृती करायची आहे." तो शब्द सोडून दे. त्या बाया तुझ्या कितीतरी आधी जाग्या झालेल्या असतात. अर्ज भरण्याआधी जवळच्या अंगणवाडीत वजनं घेण्याच्या दिवशी ताईंना विचारून कोपऱ्यात बस. त्या बाळाच्या दंडाला पट्टी लावतील. घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला की लाल, म्हणजे मूल अतितीव्र कुपोषित. लाल आल्यावर ताई आईशी काय बोलतात ते ऐक, आणि आई काय बोलत नाही तिकडेही लक्ष दे. असं चार वेळा जाऊन ये. तरीही हेच करावंसं वाटलं तर मला कळव, आणि पत्र तू स्वतः लिही.