पित्ताची गोळी बंद करू का?

प्रश्न : माझी आई 68 वर्षांची आहे. गुडघे दुखतात म्हणून ती चार-पाच वर्षं मेडिकलमधून गोळी आणून घ्यायची. दिवाळीत तिला डांबरासारखी काळी शौचाला झाली आणि ती चक्कर येऊन पडली. दुर्बीण घातली तेव्हा जठरात अल्सर निघाला, रक्त चढवावं लागलं. तेव्हापासून पँटोप्राझोल 40 चालू आहे. दोन महिने झाले, पोट मुळीच दुखत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, या गोळीने हाडं ठिसूळ होतात. बंद करू का? आणि हो, गुडघे पुन्हा दुखायला लागलेत.
– एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, मला खरी काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या वाक्याची. गुडघ्यांसाठी आईंनी ती जुनी गोळी पुन्हा सुरू केली, तर पँटोप्राझोल चालू असूनही धोका राहतोच. जठराच्या अस्तराला ॲसिडपासून जपणारी काही द्रव्यं शरीरात तयार होतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची औषधं नेमकी तीच कमी करतात. ‘मग इंजेक्शन घेते’ असं पुष्कळ जण म्हणतात, पण औषध रक्तातूनही जठरापर्यंत पोचतंच.

पोट दुखत नाही यावर विसंबू नका. तुमच्या आईंच्या वयात कित्येकदा काही न दुखताच एकदम रक्त जातं. शिवाय जठरातला अल्सर क्वचित कर्करोगाचा असतो आणि नुसत्या नजरेला साध्या अल्सरसारखाच दिसतो. तेव्हा गोळी बंद करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, पुन्हा दुर्बीण कधी घालायची? तुकडा तपासला होता का? त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू होता का?

आम्ही शिकत होतो तेव्हा अल्सरचं खापर काळजीवर आणि तिखटावर फुटायचं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या वॉरेन आणि मार्शल यांनी 1982 मध्ये अल्सर करणारा हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जंतू असेल तर नुसत्या पित्ताच्या गोळीने भागत नाही. सोबत अँटिबायोटिक्सचा, बहुतेक वेळा 14 दिवसांचा, कोर्स पुरा करावा लागतो. रक्तस्राव चालू असताना किंवा ही गोळी घेत असताना तपासणी ‘निगेटिव्ह’ आली, तर ती चुकीची असू शकते. मी अशी तपासणी पुन्हा करायला सांगतो.

आई गोळी कधी घेतात? गेल्या आठवड्यात एका आजींनी माझ्या टेबलावर पिशवी रिकामी केली. पित्ताची गोळी ‘रात्री जेवल्यावर’च्या डबीत! जठरातले ॲसिड सोडणारे पंप खाल्ल्यावर जागे होतात आणि हे औषध जागे झालेलेच पंप बंद करतं. म्हणून ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी, अख्खी गिळायची. कुटायची नाही.

काकूंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वर्षानुवर्षं घेतली तर बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाड मोडण्याचा धोकाही थोडा वाढलेला आढळतो. पण ज्यांचं एकदा रक्त गेलंय आणि ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू ठेवावंच लागतं, त्यांनी ही गोळी सोडणं कितीतरी जास्त धोक्याचं. आईंना ॲस्पिरिन आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर कोणतीच गोळी स्वतःहून थांबवू नका. पुढे डॉक्टरांनी पँटोप्राझोल बंद केलं, तर काही काळ जळजळ वाढू शकते. दबलेलं ॲसिड पुन्हा जोमाने तयार व्हायला लागतं म्हणून ती होते.

गुडघ्यांसाठी डॉक्टर सांगतील त्या मात्रेत साधं पॅरासिटामॉल, वरून लावायचं जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. खाली बसणं टाळा. मात्र पॅरासिटामॉल घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. पुष्कळ गोळ्यांत त्याच्या जोडीला ॲसिक्लोफेनॅक असतं. ‘फेनॅक’ दिसलं की परत करा.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौचाला काळपट होतंच. पण चिकट, डांबरासारखी, उग्र वासाची झाली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा.