क्लाउड बंद होतंय, पण वाटणीपत्राचं काय?

प्रश्न : निपाणी तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, एकटाच चालवतो. लग्नाचे फोटो-व्हिडिओ मिळून साधारण १.४ टीबी डेटा एका क्लाउड कंपनीकडे आहे. तीन वर्षांचे १०,८०० रुपये एकदम भरले होते. तेरा महिने झाले आणि आता मेल आलाय, ४५ दिवसांत सेवा बंद, फाइली उतरवून घ्या, नंतर सगळं पुसलं जाईल. पैसे परत देण्याबद्दल अवाक्षर नाही. अटींत लिहिलंय की वाद परदेशातल्या कोर्टातच चालेल. आमच्या घरच्या वाटणीपत्राचं स्कॅनही तिथंच आहे. मूळ कागद २०१९ च्या पुरात गेला. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात पैसे आधी आहेत आणि वाटणीपत्र शेवटी. मी ते उलटं वाचलं.

वाटणीपत्र नोंदवलेलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. नोंदवलेलं असेल तर निर्धास्त राहा. उपनिबंधक कार्यालयातून किंवा कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून सही-शिक्क्याची नक्कल मिळते आणि नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला ती चालते. मग क्लाउड राहो नाहीतर बुडो.

पण आपल्या भागात भाऊभाऊ ओसरीवर बसून, चार पंचांच्या सह्या घेऊन कागद करतात आणि तलाठ्याकडे वर्दी (वाटणीची खबर) देऊन मोकळे होतात. तसं असेल तर ते स्कॅन जपा. मूळ कागद नष्ट झाला असेल तर कोर्ट नकलेचा पुरावा घेतं, फक्त तो नष्ट झाला हे आधी दाखवावं लागतं. त्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा नुकसानीचा सरकारी पंचनामा झाला असेल, भरपाईही मिळाली असेल. भरपाईपुरता वाटलेला तो पंचनामा आज तुमच्या कामाचा आहे. त्याची नक्कल मागा. सोबत वर्दीवरून झालेल्या फेरफाराचा उतारा आणि आजची आरटीसी (कर्नाटकातला सातबारा) काढून ठेवा.

इथं एक कडू गोष्ट सांगतो. मूळ कागद पुरेशा स्टँपवर नसेल, तर त्याची नक्कल पुराव्यात येत नाही. मूळ कागद हातात असता तर दंड भरून ती चूक निस्तरता आली असती, नकलेवर दंड भरून घेत नाहीत. म्हणून भाऊ हयात आहेत, बोलणं चालू आहे, तोवर नवा दस्त करून नोंदवून घ्या. खर्च येईल, तरी करा. पुढच्या पिढीत हेच काम दहापट अवघड होतं, हे मी रोज बघतो.

फाइली कशा उतरवता यालाही कायद्यात महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना प्रमाणपत्र द्यावं लागतं, एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये जरासा बदल झाला की ठसा बदलतो. तेव्हा वाटणीपत्राचं स्कॅन व्हॉट्सअॅपवर फिरवून तिथून परत घेऊ नका, 'थोडं उजळ करतो' म्हणून फोटोशॉपमध्ये उघडू नका. तुम्ही फोटोग्राफर, म्हणून मुद्दाम सांगतोय! आहे तशी फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. ५० एमबीपीएसच्या लाइनवर १.४ टीबी उतरायला सलग अडीच-तीन दिवस लागतात. लाइट जाते, लाइन तुटते, हे धरून आजच सुरुवात करा. खात्याचं पान, फाइलींची संख्या आणि तो मेल यांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या.

आता पैसे. २३ महिने शिल्लक, म्हणजे ६,९०० रुपये. तुम्ही पैसे मोजलेत, म्हणून ग्राहक आहात. फुकटचं खातं असतं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या मदतीला आला नसता. 'हा धंदा आहे, ग्राहक कसला?' असं कंपनी म्हणेल. स्वतः राबून पोटापाण्यासाठी केलेला उद्योग त्या कायद्यात व्यापारी हेतू धरला जात नाही, हे उत्तर तयार ठेवा. परदेशी कोर्टाची अट आहे, तेवढ्यावर ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते. तुमच्यासाठी ते ठिकाण बेळगाव. कोल्हापूर जवळ पडतं, वकीलही ओळखीचे असतात, पण ते दुसऱ्या जिल्ह्यात, तिकडं जाऊ नका.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निर्णय द्यायचा असतो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. नाहीच झालं तर ई-जागृती पोर्टलवर आयोगाकडे तक्रार, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतच नाही, मुदत दोन वर्षं. मराठी कागदांना इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा. मुद्दा 'सेवेतील त्रुटी' एवढाच मांडा. करारच अन्यायकारक ठरवून मागायचा तर राज्य आयोगाकडे जावं लागतं, ६,९०० रुपयांसाठी मी ती वाट दाखवणार नाही. शिवाय बिलावर भारतातला जीएसटी नंबर आहे का बघा. भारतात पत्ताच नसलेल्या कंपनीविरुद्ध आदेश मिळाला तरी वसुली कठीण.

सेवा बंद करण्याचा हक्क कंपनीला आहे, त्यावर भांडू नका. अॅमेझॉननेही आपली ड्राइव्ह सेवा ३१ डिसेंबर २०२३ ला बंद केली, पण जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं. तुमच्या तक्रारीत ४५ दिवस अपुरे कसे, हे या तुलनेने मांडता येईल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. ज्यांच्या लग्नाचे फोटो तुमच्याकडे आहेत, त्यांचे ग्राहक म्हणून हक्क तुमच्यावर आहेत. 'वर्षभर सांभाळू' असं पावतीवर छापलं असेल तर क्लाउड बुडालं ही सबब पुरणार नाही. मुदत संपण्याआधी अशा प्रत्येकाला पेनड्राइव्ह द्या, पोच घ्या, आणि पोचेवर तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या.