हाइजमन ट्रॉफी मिळवणारा पहिला खेळाडू व्यावसायिक फुटबॉल का खेळला नाही?

हा जे बरवँगर. डब्यूक, आयोवाचा, जन्म १९१४. (ही ट्रॉफी दरवर्षी अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळते; फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल.) थोडक्यात उत्तर म्हणजे पैशाचं जमलं नाही. आणि मला विचाराल तर हिशेब त्याचाच बरोबर होता.

तो शिकागो विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळायचा. संघ बेताचाच; १९३५ च्या हंगामात चार सामने जिंकले, चार हरले. पण हा पठ्ठ्या चेंडू घेऊन धावायचा, पास फेकायचा, किक मारायचा, वर बचावालाही उभा. १९३४ मध्ये मिशिगनचा एक खेळाडू त्याला पाडायला झेपावला आणि बरवँगरची टाच लागून त्याचा गाल फाटला. डाव्या डोळ्याखाली कायमचा व्रण राहिला. तो खेळाडू म्हणजे जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष!

१९३५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अॅथलेटिक क्लबने त्याला ट्रॉफी दिली. (क्लबचे क्रीडा संचालक जॉन हाइजमन यांचं नाव तिला लागलं ते पुढच्या वर्षी, ते वारल्यावर.) त्याला ट्रॉफीपेक्षा न्यूयॉर्कच्या सहलीचंच अप्रूप जास्त. एवढी जड ब्राँझची ट्रॉफी नात्यातल्या एका बाईंच्या घरी दार अडवायला वापरात होती म्हणे.

फेब्रुवारी १९३६ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगचा पहिलावहिला ड्राफ्ट झाला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडले, आणि फिलाडेल्फिया ईगल्स संघाने सर्वांत आधी बरवँगरला निवडलं. त्यांना तो परवडेना, म्हणून त्याला करारबद्ध करण्याचे हक्क शिकागो बेअर्स संघाकडे गेले. बेअर्सचे मालक जॉर्ज हालस पैशाला चिकट म्हणून प्रसिद्धच. बरवँगरने दोन वर्षांचे २५,००० डॉलर मागितले आणि बोलणी तिथेच संपली. आज ही रक्कम किरकोळ वाटेल, पण तेव्हा खेळाडूंना सामन्यामागे शे-दीडशे डॉलर मिळायचे, तेही हंगामापुरते. मंदीच्या त्या दिवसांत पदवीधर पोराने त्यासाठी हातपाय का मोडून घ्यायचे? त्या ड्राफ्टमधले बरेचजण एनएफएलकडे फिरकलेच नाहीत.

त्याने रबर कंपनीत नोकरी धरली, जोडीला वर्तमानपत्रात खेळाचा स्तंभ लिहिला. महायुद्धात नौदलात गेला. परतल्यावर गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबर-प्लास्टिकच्या पट्ट्यांचा स्वतःचा कारखाना काढला आणि चांगला चालवला. मैदान मात्र सुटलं नाही, पंच म्हणून तो उभा राहायचाच. १९४९ च्या रोझ बोल या मानाच्या कॉलेज सामन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला त्याने टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेल्याचे गुण) दिला, त्यावरून प्रतिस्पर्धी कॅलिफोर्नियाचे समर्थक कितीतरी वर्षं धुसफुसत होते.