वाचक विचारतात : टिंबाला थांबतं, प्रकरणाला थांबत नाही

ई-रीडरकडून पुस्तक मोठ्याने वाचून घेणाऱ्यांची पत्रं यावेळी बरीच आलीत, आणि गंमत म्हणजे आवाजावर फारसं कोणी चिडलेलं नाही, सगळे चिडलेत ते थांबण्यावर. म्हणून ही सहा पत्रं एकत्रच घेते.

प्रश्न : ताई, माझं रीडिंग ॲप नको तिथे थांबतं. "प्रा. डॉ. सौ." आलं की प्रत्येक टिंबाला वाक्य संपल्यासारखा आवाज पाडतं, आणि प्रकरणाचं नाव मात्र पुढच्या परिच्छेदाला चिकटवून एका दमात म्हणून टाकतं. तीन व्हॉइस बदलून पाहिले, तेच. आता काय करू?

उत्तर : चौथा व्हॉइस शोधू नका, दोष बहुतेक तिथे नाहीये. यात तिघं असतात: पुस्तकाची फाइल, ती उघडणारं ॲप आणि बोलणारं टीटीएस (टेक्स्ट-टू-स्पीच, म्हणजे मजकुराचा आवाज करणारं) इंजिन. ॲप अख्खं प्रकरण इंजिनच्या हातात देत नाही, तुकडे करून देतं. ॲन्ड्रॉइडवर एका वेळी जास्तीत जास्त ४००० कॅरेक्टर देता येतात, पण बहुतेक ॲप त्याच्या कितीतरी आधीच, वाक्यावाक्याला तोडतात, कारण वाचतानाची पिवळी पट्टी पण सोबत सरकवायची असते ना. आता वाक्य कुठे संपलं हे ॲपला कसं कळणार, तर टिंब आणि त्यापुढे स्पेस दिसली की संपलं. म्हणजे इंजिनला नुसतं "प्रा." एवढंच एक आख्खं वाक्य म्हणून मिळतं, आणि ते बिचारं वाक्याच्या शेवटी जसा आवाज खाली आणायचा तसा आणतं. इंजिनला "डॉ." म्हणजे डॉक्टर हे माहीत असलं तरी उपयोग नाही, तुकडा आधीच पडलेला असतो.

मथळ्याचं उलट आहे. मथळ्याला आपण पूर्णविराम देत नाही. ईपब (ई-पुस्तकांचा नेहमीचा प्रकार) फाइलमध्ये "हा मथळा आहे" अशी खूण असते खरी, पण ॲपने खुणा गाळून नुसता मजकूर उचलला की "प्रकरण तिसरे परतीची वाट त्या दिवशी सकाळी" असं सलग एकच वाक्य तयार होतं.

ॲपमध्ये उच्चार बदलायची किंवा शब्द बदलायची सोय असेल तर "डॉ." च्या जागी "डॉक्टर", "प्रा." च्या जागी "प्राध्यापक" टाकून बघा. पण काही ॲप आधी तुकडे पाडतात आणि मग शब्द बदलतात, तसं असलं तर ऐकू "डॉक्टर" येईल आणि थांबणं तसंच राहील. मग फाइलच दुरुस्त करायची, कॅलिबर या ई-पुस्तकांच्या फुकट सॉफ्टवेअरच्या एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेस आहे, तिथे संक्षेप उलगडा आणि मथळ्यांच्या शेवटी पूर्णविराम द्या. दिसायला वाईट दिसतो, ऐकायला छान. डीआरएम (कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप) लावलेलं पुस्तक असेल तर हे जमणार नाही, तिथे ॲपवरच भागवावं लागतं.

प्रश्न : पीडीएफवरून बनवलेलं पुस्तक ओळीओळीला अडखळतं, कविता म्हटल्यासारखं.

उत्तर : कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी खरोखरच एंटर मारलेला आहे. कॅलिबरमध्ये कन्व्हर्ट करताना ह्युरिस्टिक प्रोसेसिंग चालू करा, त्यात तुटलेल्या ओळी जोडायचा पर्याय आहे. मी एकदा उत्साहाच्या भरात अख्ख्या पुस्तकाला हे लावलं आणि त्यातल्या खऱ्या कविता गद्य होऊन बसल्या, तेव्हा कविता असतील तर मूळ फाइल जपून ठेवा.

प्रश्न : माझ्या पुस्तकात "दुःख" हा शब्द "दु" आणि "ख" असा दोन तुकड्यांत ऐकू येतो. "अंतःकरण" पण तसंच. पण सगळ्या पुस्तकांत नाही, एकाच पुस्तकात. हे विरामचिन्हाचं दुखणं आहे का उच्चाराचं?

उत्तर : विरामचिन्हाचंच, आणि मला तुमचं पत्र सगळ्यात जास्त आवडलं. त्या पुस्तकात विसर्ग नाहीच आहे, विसर्गाच्या जागी कोलन टाइप केलाय. डोळ्याला दोन्ही दोन टिंबंच दिसतात, ई-रीडरच्या स्क्रीनवर तर फरक कळणं मुश्कील, पण मशीनसाठी विसर्ग हा अक्षराचा भाग आहे आणि कोलन म्हणजे थांबायची खूण. मग ते "दु" म्हणतं, थांबतं, आणि "ख" म्हणतं. टाइप करणाऱ्याला कीबोर्डवर विसर्ग सापडला नाही, कोलन हाताशी होता, झालं.

खात्री करायची तर ॲपच्या सर्चमध्ये विसर्ग वापरून "दुःख" शोधा, समोर पानावर शब्द दिसत असून सर्चला सापडला नाही तर समजायचं कोलन आहे. पण दुरुस्त करताना सरसकट सगळे कोलन बदलू नका हां, नाहीतर "१०:३०" आणि "तो म्हणाला:" सगळ्यांनाच विसर्ग लागेल. ज्या कोलनच्या दोन्ही बाजूंना स्पेस न सोडता देवनागरी अक्षर किंवा मात्रा आहे तेवढेच बदला, आकडे नकोत. "स्वतः", "विशेषतः", "अंशतः" हे शब्दाच्या शेवटी येणारे मात्र एकेक शब्द देऊन बदलायचे, तिथे शॉर्टकट नाही. मला एका कादंबरीत अर्धा तास लागला, आणि मग नायिका स्वतःविषयी न अडखळता बोलायला लागली.

याच जातीचं दुसरं दुखणं म्हणजे अभंग-ओव्यांचा दंड (।). तो टाइप करायच्या ऐवजी लोक कीबोर्डवरची उभी रेघ टाकतात, काही इंजिनं ती गिळून दोन चरण एकत्र करतात, काही चक्क तिचं इंग्रजी नाव उच्चारतात. तिथे खरा दंड घाला, किंवा नुसतं ऐकायचंच असेल तर सरळ पूर्णविराम.

प्रश्न : स्वल्पविरामाला किती थांबायचं ते आपल्याला ठरवता येतं का? माझं ॲप स्वल्पविराम जवळजवळ गिळतंच.

उत्तर : कागदावर येतं. एसएसएमएल नावाची एक पद्धत आहे, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने २००४ साली प्रमाणित केलेली, त्यात "इथे अर्धा सेकंद थांब" असं मजकुरातच लिहिता येतं. २०११ मध्ये ईपब ३ आलं तेव्हा त्यात एसएसएमएलमधलं उच्चार सांगण्यापुरतं घेतलं आणि थांबण्यासाठी सीएसएसची (पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेची) वेगळी सोय ठेवली, पण वाचणारी ॲप तिकडे सहसा ढुंकून बघत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात हातात राहतो तो स्पीड. तुम्ही १.५ किंवा २ वर ऐकत असाल तर शब्दांबरोबर थांबणंही आक्रसतं आणि स्वल्पविराम सगळ्यात आधी जातो, कारण तो मुळातच छोटा. १.२ वर आणून बघा. ईस्पीक हे फुकट टीटीएस इंजिन वापरत असाल तर त्यात शब्दांमधलं अंतर १० मिलिसेकंदांच्या पायरीने वाढवता येतं, आवाज यांत्रिक आहे पण चिन्हं इमानदारीने पाळतो, मला तो त्यासाठीच आवडतो.

आणि स्वल्पविराम गिळला की नुसती लय जात नाही, अर्थही जातो. "बाबा, गेले का?" यात बाबांना विचारलंय की पाहुणे गेले का. "बाबा गेले का?" यात बाबाच गेलेत! मोडीत तर शब्दांमध्ये मोकळी जागासुद्धा नसायची, विरामचिन्हं मराठीत रुजवली एकोणिसाव्या शतकात कोशकार मेजर कँडींनी, तीही डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी. डोळा मागे जाऊन पुन्हा बघू शकतो, कान पुढे गेलेला असतो.

प्रश्न : संवादाच्या अवतरणचिन्हांना आवाज बदलेल असं काही आहे का?

उत्तर : साध्या ई-रीडर ॲपमध्ये धरून चालू नका. अवतरणचिन्हं बहुधा मुक्याने ओलांडली जातात, कोण बोलतंय ते "ती म्हणाली" येईपर्यंत कळत नाही.

प्रश्न : मी प्रुफं तपासते. मला उलट हवंय, प्रत्येक चिन्ह ऐकू आलं पाहिजे.

उत्तर : मग ई-रीडर सोडा आणि कंप्युटरवर स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) लावा. एनव्हीडीए फुकट आहे, त्यात एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट) आणि पी दाबत गेलं की चिन्हं वाचायची पातळी बदलते, अजिबात नको पासून सगळी चिन्हं इथपर्यंत. सगळ्यावर ठेवा. पहिला दिवस डोकं उठेल, पण विसर्गाच्या जागी बसलेला कोलन तिथे नावानिशी ऐकू येतो.